कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ दे

पटकीचे भय आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. पंढरपूरच्या यात्रेत साथ उद्भवली की परतणाऱ्या यात्रेकरूंबरोबर ती गावोगाव जाई. मग लोक मरीआईचा गाडा काढून गावच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस रात्रीपर्यंत हाती लागत नसे. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होत, डोळे खोल जात, बोटांची कातडी सुरकुतून जाई. शरीरातील पाणीच निघून जाई; पण ते का निघून जाते, हे फार काळ कोणालाही सांगता आले नाही. ज्या मनुष्याने ते शोधून काढले त्यांचे नाव आपल्यापैकी कितीजणांनी ऐकले असेल?

शंभुनाथ दे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालमधील हुगळी जिल्ह्यातील गरिबाटी या गावी झाला. घरची परिस्थिती बेताची होती. हुगळी येथे शिक्षण घेऊन ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात गेले व १९३९ साली डॉक्टर झाले. त्यांचे सासरे त्याच कॉलेजात प्राध्यापक होते. १९४७ मध्ये ते लंडनला गेले, प्रो. रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली त्यांनी काम केले आणि १९४९ साली पीएच.डी. घेऊन ते परतले. तिकडेच राहते तर साधनांची वाण पडली नसती. परंतु पटकीचे रोगी कलकत्त्यात होते, आणि दे यांना पटकीचाच अभ्यास करावयाचा होता.

त्यांच्यापुढचा प्रश्न जुना होता. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातच पटकीचा जंतू निश्चित केला होता. हा जंतू काही विष सोडत असावा, असा कॉख यांचा तर्क होता. मात्र पुढील विद्वानांनी वेगळीच वाट धरली. विष जंतूच्या अंगातच असते, जंतू फुटला की ते बाहेर पडते आणि रक्तावाटे सर्व शरीराला बाधते, असे त्यांनी मानले. म्हणून ते प्राण्यांच्या पोटाच्या पोकळीत जंतू टोचत आणि प्राणी मरतो की जगतो ते पाहत. प्राणी मरत, परंतु पटकीचे जुलाब काही होत नसत.

दे यांनी विचार केला की रोगाचे चिन्ह जर आतड्यात दिसते, तर शोधही आतड्यातच घ्यावा. हे आज ऐकताना फार सोपे वाटते. त्यांनी सशाला गुंगी देऊन त्याच्या लहान आतड्याचा सुमारे चार इंचांचा भाग रेशमी दोऱ्याने दोन्ही टोकांना बांधला आणि मधल्या पोकळीत जंतू सोडले. (शब्बाथ शाळेच्या मोठ्या वर्गाला हे समजावयाचे असेल तर एक लांबट फुगा दोन ठिकाणी सुताने बांधून दाखवावा.) दुसऱ्या दिवशी पाहिले तो तो भाग पाण्याने टम्म फुगलेला! शेजारचा, जंतू न घातलेला भाग रिकामाच होता. डी. एन. चटर्जी यांच्यासह त्यांनी हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध केला. १९५६ मध्ये याच रीतीने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, आपल्या आतड्यात नेहमी असणाऱ्या कोलाय जंतूंच्या काही जातीही असाच अतिसार घडवितात.

पुढची पायरी अधिक महत्त्वाची होती. ज्या द्रवात जंतू वाढविले तो त्यांनी गाळला, इतका की त्यात एकही जंतू राहू नये. तो निव्वळ द्रव सशाच्या आतड्यात घातला, आणि आतडे पुन्हा फुगले. म्हणजे जंतू विष बाहेर सोडतो, हे पंचाहत्तर वर्षांनी सिद्ध झाले. ३० मे १९५९ च्या ‘नेचर’ या साप्ताहिकात दोन पानांत मावणारा हा लेख एकट्या दे यांच्या नावाने आला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधील दत्ता, पानसे व कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवरील प्रयोगांतून पटकीच्या विषाची कामगिरी दाखविली.

यानंतर काय झाले? जवळजवळ काहीच नाही. शास्त्रज्ञ आपल्या लेखाच्या शेवटी, हे अमुकाने आधी दाखविले आहे, असा संदर्भ देतात. फिलाडेल्फियाच्या यूजीन गारफील्ड यांनी १९६४ पासून अशा संदर्भांची सूचीच छापावयास आरंभ केला, आणि कोणाचा लेख किती वेळा उल्लेखिला गेला हे मोजता येऊ लागले. या हिशेबात १९५९ च्या त्या लेखाच्या वाट्याला पहिली काही वर्षे फारच थोडे आले. विष शुद्ध करावयाचे तर भारी यंत्रे हवीत, ती दे यांच्यापाशी नव्हती. ते काम १९६९ साली अमेरिकेत फिंकेलस्टाईन व लोस्पालुटो यांनी केले. मग जगभर त्या विषावर संशोधनाचा पूर लोटला, आणि तेव्हा कुठे लोक दे यांचे जुने लेख उघडू लागले.

तोवर दे मेडिकल कॉलेजात विकृतिशास्त्र शिकवीत होते. तेथून ते १९७३ साली निवृत्त झाले. आपल्या देशातील एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सभासद करून घेतले नाही. मोठे पारितोषिकही मिळाले नाही. माझ्या मते ही केवळ विसरभोळेपणाची गोष्ट नव्हे. परक्याने मान दिल्यावाचून घरच्या माणसाची किंमत न करण्याची आपली खोड येथे दिसते.

याच सुमारास रोग्यांचे नशीब मात्र पालटत होते. पटकीत आतड्याचे अस्तर शाबूत असते, फक्त विषामुळे ते पाणी गाळू लागते. आणि मिठाबरोबर साखर दिली तर तेच आतडे पाणी शोषूनही घेते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठसाखरेचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चाराच्याही खाली आणले. आज आपल्या घरात जी पुडी असते ती हीच.

१९७८ साली नोबेल प्रतिष्ठानने पटकीवरील परिसंवादासाठी दे यांना स्टॉकहोमला बोलाविले. १९६० नंतर आपण जणू मेलेलेच होतो, या निमंत्रणाने आपल्याला थडग्यातून उकरून काढले, अशा अर्थाचे ते तेथे बोलले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचविले होते. ते मिळाले नाही.

१५ एप्रिल १९८५ रोजी दे वारले. पुढल्याच वर्षी गारफील्ड यांनी पटकीवरील संशोधनाचा नकाशा संदर्भांच्या आधारे मांडला आणि त्यात दे यांच्या कामाचे स्थान दाखवून दिले. १९९० मध्ये बंगळूरच्या ‘करंट सायन्स’ने त्यांच्या स्मरणार्थ खास अंक काढला. त्या अंकाच्या संपादकीयात आपल्या अकादमींच्या या विस्मरणाचा उघड उल्लेख केलेला आहे.