वॉर्डापर्यंतची वाट : रमाबाई रानडे

आमच्या जेवणाच्या टेबलाशी उभी राहून मी निदान पन्नास वेळा तरी हात धुवायला शिकले असेन. पाणी नसताना, साबण नसताना, नुसतं हवेत. माझी आई नर्स आहे. पंधरा वर्षं वॉर्डात काढल्यावर तिच्या मनात आलं की आपण आता शिकवावं. त्यासाठी तिने एम.एस्सी. नर्सिंगला प्रवेश घेतला, आणि तिथे जे सराव-पाठ घ्यावे लागायचे त्यांची घरातली पहिली विद्यार्थिनी मी. आई आधी काय करायचं ते सांगायची, मग स्वतः करून दाखवायची, मग मला करायला लावायची आणि हातातल्या यादीत एकेका पायरीपुढे खूण करायची. त्यांच्या भाषेत याला डेमॉन्स्ट्रेशन आणि रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन म्हणतात. मी मनगट विसरले की पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा मी नववीत होते. आज एक गोष्ट कबूल करते. शाळेत कुणी आई काय करते असं विचारलं, की मी हॉस्पिटलमध्ये असते एवढंच सांगायचे. ऐकणाऱ्याला ती डॉक्टर वाटली तर वाटू द्यायचे.

यंदाच्या अंकासाठी कुणाचं तरी चरित्र लिहायचं ठरलं तेव्हा मी रमाबाई रानडे यांचं नाव दिलं. आपल्यातल्या बहुतेकांना रमाबाई 'उंच माझा झोका' या मालिकेतून माहीत आहेत. मलाही तेवढ्याच माहीत होत्या. इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात त्यांच्याविषयी शोधायला गेले, आणि मला जे सापडलं ते मालिकेतल्या छोट्या रमेच्या पुढचं होतं. पुण्यात बायकांनी नर्स व्हावं म्हणून ज्यांनी स्वतःची अब्रू पणाला लावली, त्या या रमाबाई. गंमत म्हणजे त्या स्वतः नर्स नव्हत्या. मग नर्स कशी घडते हे त्यांना कसं कळलं? हा लेख म्हणजे त्याचं उत्तर शोधायचा माझा प्रयत्न आहे.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरात. माहेरचं नाव यमुना. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचं लग्न महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. ते तेव्हा एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायाधीश, आणि विधवाविवाहाचे जाहीर पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी विधवेशीच लग्न करावं अशी लोकांची अपेक्षा होती. वडिलांच्या हट्टापुढे त्यांनी मान तुकवली आणि ही लहान मुलगी घरात आली. लोकांनी त्यांना नावं ठेवली, आणि ती रास्तच होती असं मला वाटतं. पण या मुलीला लिहाय-वाचायला येत नाही हे कळल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर तिच्या हातात पाटी दिली.

पुढची काही वर्षं कशी गेली ते रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० साली आलेल्या पुस्तकात सांगितलं आहे. दिवसभर घरकाम आणि उरलेल्या वेळात अभ्यास. घरातल्या थोरल्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हतं. टोमणे असायचे, अबोला असायचा. अडवणाऱ्यांत स्वतः विधवा असलेल्या बायकाही होत्या. रमाबाई उलटून बोलल्या नाहीत आणि त्यांनी पाटीही खाली ठेवली नाही. मराठी झालं, मग इंग्रजी झालं. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला, तेव्हा या रमाबाई तिथे जाऊ लागल्या. १८८४ मध्ये मुलींसाठी हायस्कूल हवं म्हणून गव्हर्नरांसमोर त्यांनी इंग्रजीतून विनंती वाचून दाखवली. त्याच वर्षी ती शाळा निघाली. तीच आजची हुजूरपागा. सभेत टाळ्या मिळाल्या, घरी मात्र बोलणीच खावी लागली.

हे सगळं मी एवढ्यासाठी सांगते आहे की रमाबाईंना शिकवण्याचं कुठलंही रीतसर शिक्षण नव्हतं. जे होतं ते शिकणाऱ्या बाजूचं. मोठ्या वयात, भरल्या घरात, चारजणींच्या नजरा अंगावर घेत शिकणं म्हणजे काय हे त्यांना आतून माहीत होतं. माझ्या मते पुढे हाच अनुभव त्यांच्या कामी आला.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे गेले. रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या वाड्यात आल्या आणि वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. वय अडतीसच्या आसपास, मूलबाळ नाही. तेव्हाच्या समाजाच्या दृष्टीने त्यांचं आयुष्य संपलेलं होतं. नंतर त्या हळूहळू बाहेर पडल्या. तुरुंगातल्या बायकांना भेटायला जाऊ लागल्या, इस्पितळातल्या रुग्णांसाठी फळं-फुलं घेऊन जाऊ लागल्या. मला वाटतं, इस्पितळातल्या त्या फेऱ्यांत त्यांनी एक गोष्ट नक्की पाहिली असेल. खाटेवरची बाई आपल्यातली, पण तिची शुश्रूषा करणारी आपल्यातली नाही.

१९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिदुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं आणि रमाबाई त्याच्या अध्यक्ष झाल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं, तेही रानड्यांच्याच वाड्यात. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या जोडीला होते. सुरुवात साधी होती. मोठ्या बायकांना लिहायला-वाचायला शिकवणं, शिवण, प्रथमोपचार. पुढे शिक्षिका तयार करण्याचा वर्ग निघाला, आणि नर्सिंग शिकणाऱ्या बायकांना ससून रुग्णालयात पाठवायला सुरुवात झाली.

हे शेवटचं वाक्य आज सहज वाचलं जातं. तेव्हा ते सहज नव्हतं. १८९० मध्ये पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये पाद्र्यांच्या घरी चहा घेतल्यावरून केवढं वादळ उठलं होतं! चहा घेणाऱ्यांत रानडे होते, टिळकही होते, आणि शेवटी रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. जिथे कपभर चहाने बाट लागत होता, तिथे ब्राह्मण घरातल्या विधवेने कुठल्याही जातीच्या माणसाची जखम धुवायची, बेडपॅन उचलायचं, रात्रपाळी करायची, परक्या पुरुषाच्या नाडीवर बोट ठेवायचं! नर्सिंग हे आमच्यासारख्या ख्रिस्ती बायकांचं, अँग्लो-इंडियन बायकांचं काम मानलं जाई. आणि जे 'त्यांचं' काम, ते हलकं.

इथे एक सांगायला हवं. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या रमाबाई काही पहिल्या मराठी बाई नव्हेत. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या, आणि त्यांनी कुणाची जात विचारली नव्हती. रमाबाईंचं काम वेगळं होतं. सेवा ही एका थोर बाईच्या त्यागावर न सोडता साध्या बाईला शिकता येईल, आणि शिकल्यावर पोटाला लावता येईल, अशी सोय करायची होती.

ती सोय त्यांच्या संस्थेने कशी केली ते मी आईला सांगितलं, तेव्हा तिने पाठाचा कागद काढला. आई आता एम.एस्सी.च्या मुलींना शिकवते, म्हणजे उद्या ज्या स्वतः ट्यूटर होणार त्यांना. पाठाच्या आराखड्यात विषय, उद्दिष्टं, वेळ, साहित्य या सगळ्यांबरोबर एक रकाना असतो: विद्यार्थ्याचं पूर्वज्ञान. नवख्या ट्यूटर तिथे काहीतरी ठरावीक वाक्य लिहून मोकळ्या होतात. आई तेवढ्यावर सोडत नाही. समोरच्या मुलीला काय येतं, ती कुठून आली, वर्गातली भाषा तिला कळते का, तिला घरून काय ऐकावं लागतं, हे सगळं त्यात लिहायला लावते. आमच्या हैदराबादेत एका वर्गात तेलुगू, उर्दू, मराठी, मल्याळम सगळ्या मुली असतात. इंग्रजीतून ड्रेसिंगच्या पायऱ्या पाठ म्हणणारी मुलगी पेशंटला तेलुगूत धीर देऊ शकत नसेल, तर तिचा पाठ अर्धाच झाला, असं आईचं मत आहे.

सेवासदनने हा रकाना नीट भरला होता असं मला दिसतं. येणारी बाई निरक्षर असेल तर आधी अक्षरं. औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचता आल्याशिवाय वॉर्डात उभं कसं राहणार? तिला राहायला जागा नसेल तर वसतिगृह. नर्सिंग शिकणाऱ्यांसाठी वेगळी सोय केलेली होती. आणि कामाचं शिक्षण खऱ्या वॉर्डात, खऱ्या रुग्णांजवळ. ससून १८६७ पासून उभं होतं आणि शहरातलं मोठं सरकारी इस्पितळ होतं. संस्थेने वाड्यात बसून खोटं इस्पितळ मांडलं नाही. जिथे काम होतं तिथे बायकांना नेलं, आणि त्या परत येतील तेव्हा पाठीशी एक घर ठेवलं.

त्याच्या अर्धशतक आधी, १८६० मध्ये, लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या निधीतून नर्सिंगची शाळा निघाली होती. तिथेही हेच: मुलींनी एका घरात राहायचं, वॉर्डात प्रत्यक्ष काम करत शिकायचं, आणि त्यातल्या काहींनी पुढे दुसऱ्या इस्पितळांत जाऊन इतरांना शिकवायचं. शिकवणारी तयार झाली नाही तर शाळा एका पिढीत संपते, हे त्या शाळेला उमगलं होतं. पुण्यात एकाच संस्थेत शिक्षिकाही घडत होत्या आणि नर्सही, हे मला म्हणून महत्त्वाचं वाटतं. आजची नर्सिंग ट्यूटर ही या दोन्हींची मिळून झालेली आहे.

पण अजून एक गोष्ट होती जी कुठल्या वसतिगृहाने सुटत नाही. सेवासदनच्या एका वार्षिक समारंभातला प्रसंग त्यांच्या चरित्रात सांगितला जातो. बक्षीस घ्यायला एक विधवा व्यासपीठावर आली. केशवपन केलेलं, डोक्यावरून पदर. वर गॅलरीत बसलेल्या कॉलेजच्या मुलांनी तिची हुर्यो उडवली. कार्यक्रम पुढे चालू राहिला. शेवटी आभार मानायला रमाबाई उठल्या. आयुष्यभर घरातले टोमणे मुकाट्याने ऐकून घेतलेली ही बाई त्या दिवशी गप्प बसली नाही. अशी वागणारी मुलं स्वतःला सुशिक्षित तरी कसं म्हणवतात, असं त्यांनी भर सभेत विचारलं, आणि या बायकांच्या दुःखाला कोण जबाबदार आहे तेही सुनावलं.

मी हा प्रसंग वाचला आणि पुस्तक मिटून ठेवलं. ती मुलं माझ्याच वयाची होती. कॉलेजात शिकणारी, साहित्य वाचणारी. मी कधी कुणाची हुर्यो उडवली नाही. पण आईचं काम विचारल्यावर मी जे गुळमुळीत उत्तर द्यायचे, ते देणारी मुलगी गॅलरीपासून फार लांब बसलेली नव्हती.

आई सांगते, तिच्या वर्गातून गेल्या वर्षी एक मुलगी सोडून गेली. हुशार होती, हात स्थिर होता. लग्न ठरलं आणि सासरच्यांना रात्रपाळी चालणार नव्हती. आईने घरी जाऊन समजावलं, उपयोग झाला नाही. शिकवण्याच्या सगळ्या पद्धती आईला येतात. पुतळ्यावर सुई टोचायचा सराव, रुग्णाच्या खाटेशी घेतलेला पाठ, एकेका कौशल्याची वेगळी परीक्षा. त्यातली एकही त्या मुलीला अडवू शकली नाही. रमाबाईंना बहुधा हेच दिसलं असेल. मुलीला शिकवणं हे अर्धं काम, आणि तिच्याकडे बघणाऱ्यांना शिकवणं हे उरलेलं अर्धं.

ते उरलेलं अर्धं त्या शेवटपर्यंत करत राहिल्या. १९१३ मध्ये गुजरात-काठेवाडात दुष्काळाच्या कामाला गेल्या. आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या बायकांना घेऊन उभ्या राहिल्या. पुण्यात मुलींनाही सक्तीचं प्राथमिक शिक्षण हवं म्हणून बायकांचा मोर्चा काढला, बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून झटल्या. १९२४ साली त्या वारल्या. १९६२ मध्ये सरकारने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. सेवासदन आजही पुण्यात आहे, सोलापुरातही आहे. माझं आजोळ सोलापूरचं. तिथल्या सेवासदनच्या शाळेवरून मी लहानपणी कितीदा गेले असेन, पण हे नाव कुठून आलं ते कधी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात एका फॉर्मवर आईचा व्यवसाय लिहायचा होता. मी नर्स असं लिहिलं, आणि मग पुढे स्वल्पविराम देऊन नर्सिंगची शिक्षिका असंही लिहिलं. रविवारी मिस्साहून परत आल्यावर आईला ते सांगितलं. तिने मान हलवली आणि मला टेबलाशी बोलावलं. सोमवारी तिच्या मुलींना नाडी मोजायला शिकवायची होती, आणि घड्याळ लावून बघायला तिला एक मनगट हवं होतं.