तेरचा कुंभार आणि पडद्यावरचे गाणे

संतचरित्रावरील संगीतप्रधान बोलपटांनी या देशातील दोन-तीन पिढ्यांना भक्तीची ओळख करून दिली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. ज्यांना पोथी वाचता येत नव्हती आणि ज्यांची कीर्तनाला जाण्याची सवय सुटली होती, त्यांनी तुकोबा पाहिला तो 1936 साली विष्णुपंत पागनिसांच्या रूपाने. आणि पुढे पागनिसांचाच चेहरा तुकोबांचा म्हणून देव्हाऱ्यातल्या तसबिरींत जाऊन बसला. पडद्याचे हे सामर्थ्य मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो. गाणे जेथे सर्वांत गोड होते, नेमके तेथेच चरित्रातील सर्वांत कठीण गोष्ट झाकली जाते काय? हा प्रश्न ज्यांच्या बाबतीत फार तीव्रपणे उभा राहतो ते संत म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेरचे गोरोबाकाका.

गोरा कुंभाराच्या कथेला मराठीबाहेरच्या पडद्याने जितके आपलेसे केले, तितके भाग्य फार थोड्या मराठी संतांच्या वाट्याला आले असेल. 1948 साली मद्रासच्या जेमिनी स्टुडिओने ‘चक्रधारी’ हा तमिळ बोलपट काढला. त्यात नागय्या गोरोबा झाले. 1974 साली हुणसूर कृष्णमूर्तींच्या दिग्दर्शनाखाली कानडीत ‘भक्त कुंबार’ आला आणि राजकुमारांनी ती भूमिका केली. 1977 साली तेलुगूत अक्किनेनी नागेश्वरराव चाकावर बसले. यांपैकी कानडी बोलपटावर तिकडच्या रसिकांचे प्रेम आजही आटलेले नाही, ते मुख्यतः जी. के. व्यंकटेश यांच्या संगीतामुळे आणि पी. बी. श्रीनिवास यांच्या कंठामुळे. धाराशिव जिल्ह्याला तर कानडी परकी नाही. 1956 पर्यंत हा जिल्हा गुलबर्गा व बीदर यांच्याबरोबर एकाच हैदराबाद राज्यात होता आणि उमरग्याकडच्या सीमेवर दोन्ही भाषांची ये-जा अजूनही चालू आहे. अशा वेळी आपल्याच गावच्या संताला दुसऱ्या भाषेत गाताना ऐकून तेरच्या माणसाचे मन भरून आले, तर नवल नाही. पण भरून आलेल्या त्या मनात कुठेतरी खडाही टोचत राहतो.

मूळ चरित्र काय सांगते ते पाहू. परंपरेप्रमाणे गोरोबांचा जन्म शके 1189 मधला, म्हणजे इसवी सन 1267 चा. तेर हे तेरणाकाठचे गाव त्या वेळीही जुनेच होते. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाची मोठी बाजारपेठ सांगितली आहे, ती हीच. तेरच्या मातीतून सातवाहनकालीन मृण्मूर्ती मोठ्या संख्येने निघाल्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर वेचून ठेवल्या आणि आज त्या तेथील संग्रहालयात पाहावयास मिळतात. गोरोबा चाकावर बसले, तेव्हा त्या गावात मातीला आकार देण्याच्या कलेला हजाराहून अधिक वर्षे उलटून गेली होती. बोलपटातील गाव मात्र कोणतेही असू शकते. झाडे, झोपडी आणि चाक असले की पडद्याचे भागते.

गोरोबांना सारे संत काका म्हणत. नामदेवांचा जन्म 1270 चा, ज्ञानेश्वरांचा 1275 चा, मुक्ताबाईंचा 1279 चा. या परंपरागत सनांवर विश्वास ठेवला, तर हे काका या मेळ्यात सर्वांत वडील खरे, पण ज्ञानेश्वरांनी 1296 साली समाधी घेतली तेव्हा ते स्वतः तिशीच्या आतबाहेर होते. तसबिरीतील पांढऱ्या दाढीचा म्हातारा हा नंतरच्या भक्तांनी घडवलेला. त्यांचे वडीलपण वयापेक्षा पारखीचे होते.

ही पारख ज्या प्रसंगात दिसते तो मराठी माणसाला पाठ आहे. संतमंडळी जमली असता ज्ञानदेवादी भावंडांनी काकांना यांतली मडकी कोणती भाजलेली आणि कोणती कच्ची, असे विचारले. काकांनी थापटणे घेतले आणि एकेका संताच्या डोक्यावर मारीत ते फिरले. इतर सारे स्तब्ध बसून राहिले. नामदेवांना मात्र तो अपमान सोसला नाही आणि काकांनी त्यांना कच्चे ठरवले. विठ्ठलाशी बोलणारे नामदेव या निकालाने दुखावले, पण त्यातूनच ते औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले आणि त्यांना गुरू लाभला. मराठी भक्तीच्या इतिहासातील एक मोठे वळण असे एका कुंभाराच्या कानाने घडवले. कानाने असेच म्हटले पाहिजे. मडके कच्चे की पक्के हे कुंभाराला डोळ्यापेक्षा कान अधिक खात्रीने सांगतो. पक्क्या मडक्याचा नाद खणखणीत असतो, कच्चे मडके बद्द वाजते.

आणि आता त्याच कानाची दुसरी गोष्ट. गोरोबांची पत्नी संती पाण्याला गेली. जाताना रांगत्या मुलाकडे लक्ष ठेवा, असे नवऱ्याला सांगून गेली. गोरोबा चिखल तुडवीत होते आणि मुखाने विठ्ठलाचे नाम चालले होते. मूल रांगत आले, पायांखाली सापडले, रडलेही असेल. बापाला ऐकू आले नाही. आवाजावरून मडक्याची जात ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या लेकराचा आवाज ओळखता आला नाही, ही या चरित्रातील खरी जखम आहे. महिपतींनी 1762 साली पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त ही कथा सविस्तर आली आहे आणि कीर्तनकारांनी ती पिढ्यान् पिढ्या सांगितली आहे. पण सांगणारा बुवा या ठिकाणी क्षणभर थांबतो. वीणा थांबते, टाळ थांबतात, समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावतात. बोलपटाला ही सोय नाही. त्याला या जागी गाणेच हवे असते, कारण गोरोबांची तंद्री दाखवायची ती सुरांतूनच. परिणाम असा होतो की, जो सूर बापाच्या कानात मुलाचा आक्रोश शिरू देत नाही, तोच प्रेक्षकाच्याही कानात शिरू देत नाही. प्रेक्षक त्या चालीवर डुलत असतो आणि पडद्यावर एक मूल चिखलात जात असते. नंतर भान येते तेव्हा आपणही त्या तुडवण्यात ताल धरला होता, या जाणिवेने तो दचकतो. हा बोलपटाचा दोष म्हणावा की त्याचे यश? गोरोबांच्या जागी उभे राहिल्याशिवाय गोरोबा कळणार नाहीत असे मानले, तर ते यशच होय. तरीही असे गाणे पुन्हा पुन्हा आवडीने ऐकताना मन स्वच्छ राहत नाही, हेही तितकेच खरे.

पुढची कथा अधिक विलक्षण आहे. संती परत आली, तिने आक्रोश केला, नवऱ्याला बोल लावला. तंद्री मोडली म्हणून गोरोबा तिलाच मारायला धावले. तेव्हा तिने मला शिवाल तर तुम्हाला विठ्ठलाची आण, अशी शपथ घातली आणि गोरोबांनी ती अक्षरशः पाळली. वंश खुंटेल म्हणून संतीने आपल्या धाकट्या बहिणीशी, रामीशी, त्यांचे लग्न लावून दिले. सासऱ्याने दोघींना सारखे वागवा असे सांगितले, तर गोरोबांनी तेच वचन धरून दोघींपासूनही अंतर ठेवले. एका रात्री दोघींनी झोपेतल्या नवऱ्याचे हात आपल्या अंगावर ओढून घेतले. जागे होताच शपथ मोडली म्हणून त्यांनी ते हातच तोडून टाकले. चाकावर ज्यांच्या आधाराने संसार चालायचा तेच हात! त्यानंतर विठ्ठलाने गोरोबांच्या घरी राबून मडकी घडवली, आषाढीला नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजवताना तुटलेले हात पुन्हा फुटले आणि संतीच्या हाकेला मूल रांगत आले, असे परंपरा सांगते.

राजकुमारांच्या बाबतीत येथे एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. 1954 सालच्या ज्या ‘बेडर कण्णप्पा’ने त्यांना नाव मिळवून दिले, त्यात ते शिवाला स्वतःचे डोळे काढून देणारे व्याध झाले होते, वीस वर्षांनी ते हात तोडणारे कुंभार झाले. कानडी प्रेक्षकाने त्यांच्या अंगावर भक्तीची ही दोन टोके पाहिली आणि दोन्हींवर जीव टाकला. पण कण्णप्पाने दिले ते स्वतःचे होते. गोरोबांच्या कथेत पहिले मोल त्या लेकराने आणि त्याच्या आईने दिले, हात त्यानंतरचे. हा फरक संगीताच्या ओघात लक्षात राहत नाही. बोलपटाच्या अखेरीस हात येतात, मूल येते, टाळ-मृदंग चढतात आणि पाहणारे डोळे पुसून घरी जातात. चमत्कार परंपरेनेच सांगितलेला असल्याने त्याबद्दल बोलपटाला दोष देता येत नाही. खटकते ते एवढेच की, परंपरेत मूल जाणे आणि मूल परत येणे यांच्यामध्ये एक अख्खा दुरावलेला संसार आहे, शपथेत गोठलेली वर्षे आहेत. अडीच-तीन तासांच्या खेळात त्यांचा भार जाणवायला उसंतच मिळत नाही.

गोरोबांनी शके 1239, म्हणजे 1317 साली चैत्र वद्य त्रयोदशीला तेर येथेच समाधी घेतली, असे मानतात. चैत्र वद्य एकादशीपासून तेथे यात्रा भरते, दिंड्या येतात. त्यांच्या नावावर विसाच्या आसपास अभंग आहेत. ते बहुतेक निर्गुणाच्या, मौनाच्या अनुभवाचे आहेत आणि त्यांत मुलाचा शोक शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. संतीच्या नावावर एकही अभंग नाही. तेरमध्ये गोरोबांचे घर दाखवतात आणि त्यांनी चिखल तुडवला ती जागाही दाखवतात. यात्रेला आलेल्या बाया तेथे वाकतात आणि कडेवरच्या मुलाला खाली न ठेवता पुढे जातात.