ऐंशीनंतरचा नवा गळ

आमच्या बुऱ्हाणपूरला राजघाटावर मी लहानपणी आजोबांबरोबर गळ टाकून बसायचो. गांडूळ लावायचं, दोरी ताप्तीत सोडायची आणि वाट बघायची, एवढीच आमची विद्या. दहावीत असताना मी व्हिडिओ बघून आलो आणि गांडूळवाल्या गळाला हसलो. आजोबा रागावले. मी घाटावर जाणंच सोडलं.

म्हणून इंग्रजीच्या वर्गात आयझॅक वॉल्टन यांचं नाव निघालं तेव्हा मी कान टवकारले. जन्म १५९३ चा, इंग्लंडमधल्या स्टॅफर्डचा. शिक्षण बेताचं, लंडनला येऊन त्यांनी व्यापार केला. कवी जॉन डन त्यांच्या चर्चचे धर्मगुरू. डन १६३१ मध्ये वारले, आणि त्याच वर्षी आपल्या गावात मुमताज महल गेली. पुढे वॉल्टननी डन यांचं चरित्र लिहिलं. घरात मात्र दुःखच. पत्नी रेचलला सात मुलं झाली, सातही लहानपणीच गेली. १६४० मध्ये तीही गेली. राजा आणि पार्लमेंट यांच्या युद्धात देश पोळून निघाला. त्यानंतर, १६५३ मध्ये, त्यांनी मासेमारीवर 'द कम्प्लीट अँगलर' हे शांत, आनंदी पुस्तक काढलं.

पण ट्राउट मासा मोठा चलाख. प्रवाहाकडे तोंड करून तो वाहत येणारा किडा टिपतो. काठावर माणूस हलला की पसार. त्याच्यासाठी गळाला पिसं, लोकर बांधून नकली माशी करतात. ती पाण्यावर फेकायची, वाहू द्यायची, उचलून पुन्हा फेकायची, काठाने पुढे सरकायचं. बसून भागत नाही. वॉल्टन आमिषाच्या गळात तरबेज, माशीच्या गळात त्यांची गती कमी. त्यात वाकबगार होते चार्ल्स कॉटन, त्यांच्याहून पस्तीसेक वर्षांनी लहान मित्र. १६७६ च्या आवृत्तीत वॉल्टननी कॉटन यांचा भाग आपल्या पुस्तकाला जोडून घेतला. दोरा बारीक ठेवा आणि लांबून फेका, हा त्याचा सार. तेव्हा वॉल्टन ऐंशी ओलांडलेले!

कॉटननीही म्हाताऱ्याच्या गळाची टिंगल केली नाही. डव्ह नदीकाठच्या आपल्या छोट्या घरावर त्यांनी दोघांची आद्याक्षरं एकमेकांत गुंफून कोरली होती. १६८३ मध्ये वॉल्टन विंचेस्टरला वारले, वय नव्वद.

हे वाचलं आणि माझं कुठे चुकलं ते कळलं. आजोबांना आता घाटापर्यंत चालवत नाही. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना रिक्षाने नेणार आहे. गांडूळ मीच लावीन.