विश्लेषण : ‘स्वान लेक’चा शेवट प्रत्येक प्रयोगात वेगळा का? चायकोव्हस्की यांना नेमका कोणता शेवट अपेक्षित होता?

राजपुत्र आणि हंसकन्या शेवटी मरतात की सुखाने नांदतात? ‘स्वान लेक’ या जगप्रसिद्ध बॅलेबाबत या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. त्याचे संगीतकार प्योत्र इलिच चायकोव्हस्की यांना तर या बॅलेचे यश पाहताही आले नाही.

कारकून ते संगीतकार…

चायकोव्हस्की यांचा जन्म ७ मे १८४० रोजी रशियातील वोटकिन्स्क येथे झाला. वडील खाण अभियंता होते. १८५४ मध्ये आईचा कॉलऱ्याने मृत्यू झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी न्याय खात्यात कारकुनी केली. मात्र १८६२ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नव्या संगीत विद्यालयात प्रवेश घेतला आणि पुढे नोकरीही सोडली. १८६६ पासून ते मॉस्कोत संगीत शिकवू लागले. ‘स्वान लेक’चे काम त्यांना १८७५ मध्ये मिळाले. मानधन होते ८०० रुबल.

मूळ शेवट काय होता?

शापामुळे हंस झालेल्या ओडेटला राजपुत्र सिगफ्रीडच्या एकनिष्ठ प्रेमानेच मुक्ती मिळणार असते. पण तिच्यासारख्याच दिसणाऱ्या ओडीलला तो वचन देऊन बसतो. मूळ कथेत तो क्षमा मागतो, ओडेटच्या डोक्यावरचा मुकुट हिसकावून तलावात फेकतो. हा मुकुटच तिचे रक्षण करत असतो. वादळात दोघेही बुडतात.

पहिला प्रयोग का फसला?

४ मार्च १८७७ रोजी मॉस्कोच्या बोल्शोई नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. नृत्यरचना सामान्य होती, तर संगीत नाचायला अवघड असल्याची तक्रार झाली. त्याच वर्षी समलैंगिक असलेल्या चायकोव्हस्की यांनी अंतोनिना मिल्युकोवा यांच्याशी विवाह केला. तो काही आठवड्यांतच मोडकळीस आला. नादेज्दा फॉन मेक या श्रीमंत विधवेने दरवर्षी ६००० रुबल देऊन त्यांना आधार दिला. प्रत्यक्ष भेटायचे नाही, असे दोघांनी ठरवले होते. वर्षअखेर व्हिएन्नात देलिब यांचे ‘सिल्व्हिया’ ऐकल्यावर तर चायकोव्हस्की यांना आपला बॅले फिका वाटू लागला.

शेवट कोणी बदलला?

६ नोव्हेंबर १८९३ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी चायकोव्हस्की यांचे निधन झाले. कॉलरा की आत्महत्या, यावर नंतर वाद झाले. मात्र बहुतेक अभ्यासक कॉलराच मानतात. त्यानंतर भाऊ मोदेस्त यांनी कथेत बदल केले, रिकार्दो द्रिगो यांनी संगीताची फेररचना केली आणि पेतिपा व इव्हानोव्ह यांनी नवी नृत्ये बसवली. २७ जानेवारी १८९५ रोजी सेंट पीटर्सबर्गमध्ये हा प्रयोग झाला. यात प्रेमी स्वेच्छेने मरण पत्करतात, जादूगाराची सत्ता संपते आणि मृत्यूनंतर दोघे एक होतात. आजचे बहुतेक प्रयोग याच आवृत्तीवर उभे आहेत.

सोव्हिएत काळात सुखान्त का?

सोव्हिएत रंगभूमीला वाईटावर विजय हवा होता. कॉन्स्तान्तिन सेर्गेयेव्ह यांच्या १९५० च्या लेनिनग्राड प्रयोगात राजपुत्र जादूगाराचा पंख उपटतो आणि प्रेमी जगतात. १९६९ मध्ये युरी ग्रिगोरोविच यांना बोल्शोईत शोकान्त हवा होता. अधिकाऱ्यांनी तो नाकारला. २००१ मध्ये त्यांनी तो परत आणला. रुडॉल्फ नुरेयेव्ह यांच्या १९८४ च्या पॅरिस प्रयोगात जादूगारच ओडेटला घेऊन जातो. १९९५ मध्ये ब्रिटनच्या मॅथ्यू बोर्न यांनी हंसांच्या भूमिका पुरुषांना दिल्या. तिथेही राजपुत्र मरतो.

दोन्ही शेवट संगीतात बसतात कसे?

हंसांची प्रसिद्ध धून संपूर्ण बॅलेत उदास ‘मायनर’ स्वरांत येते. अखेरीस तीच धून उजळ ‘मेजर’मध्ये जाते. हा उजेड मृत्यूनंतरच्या मीलनाचा की जिवंतपणीच्या विजयाचा, हे केवळ संगीतावरून ठरत नाही. चायकोव्हस्की यांनी मूळ कथेसाठी शोकान्तच संगीतबद्ध केला होता. पण १८९५ चा बदल असो वा नंतरचे सुखान्त, त्यांना विचारण्याची संधी कोणालाच मिळाली नाही.