जॉर्ज हॅरिसन आणि मुंबईची ध्वनिमुद्रिका

अंधेरी-बोरिवलीहून चर्चगेटला उतरणारे कितीतरी लोक रोज फोर्टातल्या सर फिरोजशहा मेहता रस्त्याने कामावर जातात. याच रस्त्यावरील युनिव्हर्सल इन्शुरन्स इमारतीत एके काळी 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीचा स्टुडिओ होता. 'बीटल्स'चा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन याने स्वतःच्या नावावरील पहिल्या लाँग प्ले तबकडीचा बराचसा भाग १९६८ च्या जानेवारीत येथे ध्वनिमुद्रित केला, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

जॉर्जचा जन्म १९४३ साली लिव्हरपूलच्या एका कामगार कुटुंबात झाला. वडील बसवर नोकरीला होते. चार भावंडांत जॉर्ज धाकटा. अभ्यासात त्याचे मन रमले नाही. ते रमले गिटारमध्ये. १९५८ साली तो जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी यांच्या वाद्यवृंदात दाखल झाला. १९६० मध्ये हॅम्बुर्गच्या क्लबात वाजवीत असताना वय कमी भरल्यामुळे जर्मनीतून त्याची परत पाठवणी झाली. पण पुढच्या चार वर्षांत तोच मुलगा जगभर गाजला. पैसा आला, कीर्ती आली. मनाचे समाधान मात्र आले नाही.

अशा वेळी त्याच्या हाती सतार पडली. १९६५ च्या 'नॉर्वेजियन वुड' या गीतात त्याने ती वाजवली. पुढच्याच वर्षी त्याची पंडित रविशंकर यांच्याशी भेट झाली. १९४५ च्या सुमारास 'इप्टा'च्या कलापथकासाठी आपल्या अंधेरीत राहून संगीतरचना करणारे हेच ते रविशंकर! पहिल्याच शिकवणीच्या वेळी फोन वाजला आणि जॉर्ज सतार ओलांडून जाऊ लागला. पंडितजींनी त्याच्या पायावर चापट मारली. वाद्य ओलांडायचे नसते, हे आपल्याकडे लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. जगज्जेत्या जॉर्जला ते त्या दिवशी कळले. त्याने राग धरला नाही. १९६६ च्या सप्टेंबरात तो मुंबईस आला आणि पंडितजी व त्यांचे शिष्य शंभू दास यांच्याजवळ रियाजाला बसला.

पुढे जो मॅसो या दिग्दर्शकाने 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत त्याच्यावर सोपवले. जॉर्जने स्टॉपवॉच घेऊन एकेका दृश्याची लांबी मोजली आणि तो मुंबई गाठता झाला. येथील स्टुडिओत एकाच ट्रॅकचे यंत्र होते; तेव्हा कंपनीचे भास्कर मेनन यांनी कलकत्त्याहून रेल्वेने दोन ट्रॅकचे यंत्र आणवले. रस्त्यावरील रहदारीचा आवाज आत येई. तशा स्थितीत आशिष खाँ यांचा सरोद, शिवकुमार शर्मा यांचे संतूर, महापुरुष मिश्र यांचा तबला, चंद्रशेखर नारिंगरेकर यांचा सूरबहार आणि केंकरे यांची बासरी यांचे ध्वनिमुद्रण झाले.

'वंडरवॉल म्युझिक' १ नोव्हेंबर १९६८ रोजी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. बीटल्सपैकी एकाची ही पहिली स्वतंत्र तबकडी आणि 'ॲपल' कंपनीचीही पहिलीच लाँग प्ले. लेबलावर एका बाजूस अखंड हिरवे सफरचंद, दुसऱ्या बाजूस कापलेले. तिचा खप बेताचाच झाला. अमेरिकेत ती एकोणपन्नासाव्या क्रमांकापर्यंत चढली. आज मात्र संग्राहक तिची मूळ प्रत, त्यातही मोनो प्रत, शोधत फिरतात.

पण तिचे खरे मोल संग्राहकाच्या किमतीत नाही. कलावंताची पहिली तबकडी म्हणजे स्वतःला मिरवण्याची संधी. जॉर्जने या तबकडीत एकही गाणे गायलेले नाही. मुंबईत त्याने चाली सुचवल्या आणि जाणकारांना वाजवू दिले. वेष्टनावर आपल्या कलावंतांची नावे वाद्यांसह छापली. त्यांत स्पेलिंगच्या चुका राहिल्या, पण नावे राहिली. त्या काळात आपल्याच चित्रपटांच्या तबकड्यांवर वादकांची नावे क्वचितच असत, हे लक्षात घेतले म्हणजे या गोष्टीचे महत्त्व पटते.

त्याच वर्षी जॉर्जने आणखी एक अवघड निर्णय घेतला. सतारीला जन्म वाहावा लागतो आणि आपण उशिरा आलो, हे ओळखून तो पुन्हा गिटारकडे वळला. सतार सुटली, गुरू सुटले नाहीत. बांगला देशातील निर्वासितांच्या हालांनी पंडितजी व्याकूळ झाले, तेव्हा १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने त्यांच्या शब्दाखातर मोठी मैफल उभी केली. २९ नोव्हेंबर २००१ रोजी जॉर्जचे निधन झाले.

आपण सतारिये होणार नाही, हे कळल्यावरही त्याला शिकण्यात गेलेली वर्षे वाया गेली असे वाटले नाही. परीक्षेच्या गुणांवर विद्येची किंमत ठरवणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून निदान एवढे तरी घ्यावे.