पोप सहावे पॉल : तिकिटावरचा यात्रिक

२ डिसेंबर १९६४ रोजी भारतीय टपाल खात्याने १५ पैशांचे एक तिकीट काढले. निमित्त होते पोप सहावे पॉल यांच्या मुंबई-भेटीचे. पण तिकिटावर चित्र होते ते संत थॉमस यांचे. उलट व्हॅटिकनने या यात्रेसाठी काढलेल्या तिकिटांत आपले गेट वे ऑफ इंडिया झळकले. यजमानाने पाहुण्याच्या पूर्वसूरींचा मान राखावा आणि पाहुण्याने यजमानाच्या दाराचा, असाच हा प्रकार झाला. तिकिटांच्या संग्राहकांना परिचित असलेल्या या पुरुषाचे चरित्र मात्र आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही.

जिओव्हानी बाततिस्ता मोन्तिनी यांचा जन्म २६ सप्टेंबर १८९७ रोजी उत्तर इटलीतील ब्रेशिया शहराजवळच्या कोन्चेसियो गावी झाला. वडील वृत्तपत्राचे संपादक व पुढे संसद-सदस्य. मुलाची प्रकृती नाजूक, वृत्ती अभ्यासू व अबोल. १९२० मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली आणि लवकरच ते व्हॅटिकनच्या सचिवालयात रुजू झाले. तेथे सुमारे ३० वर्षे त्यांनी कागदपत्रांत घालविली. दुसऱ्या महायुद्धात बेपत्ता सैनिक व युद्धकैदी यांची माहिती त्यांच्या कुटुंबीयांना कळविण्याचे काम त्यांच्या देखरेखीखाली चाले. अशा चौकशा लाखोंनी येत. कार्यालयातील रुक्ष कागदामागे एखाद्या आईचे डोळे असतात, हे ते तेथेच शिकले असावेत.

१९५४ मध्ये त्यांची मिलानच्या आर्चबिशपपदी नेमणूक झाली. ही बढती की रोमपासून दूर सारणे, यावर पुष्कळ तर्क झाले. बदलीचा हुकूम हाती पडल्यावर मनात काय काय येते, हे रायपुरात येऊन स्थायिक झालेल्या आपल्या पिढीस सांगावयास नको! मोन्तिनींनी मात्र मिलानच्या वेशीवर पावसात गुडघे टेकून त्या भूमीचे चुंबन घेतले आणि कारखान्यांतील कामगारांपर्यंत जाऊन ते त्या नगरीचे झाले.

२१ जून १९६३ रोजी ते पोप झाले. तेविसावे जॉन यांनी आरंभिलेली दुसरी व्हॅटिकन परिषद त्यांनी १९६५ मध्ये तडीस नेली. तिच्या सुधारणांमुळे लॅटिनऐवजी लोकभाषेत उपासना होऊ लागली आणि वसईच्या ख्रिस्तमंदिरांत मिस्साविधी मराठीत ऐकू येऊ लागला. मायबोली टिकविण्यासाठी धडपडणाऱ्या परप्रांतस्थ मराठी माणसास या गोष्टीचे मोल निराळे वाटल्यावाचून राहणार नाही. आमच्या रायपूरचे स्वतंत्र धर्मक्षेत्रही त्यांच्याच कारकिर्दीत, १९६४ मध्ये निर्माण झाले.

त्याच वर्षी डिसेंबरात आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी ते मुंबईस आले. भारतात पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. आपण यात्रिक म्हणून आलो आहोत अशी त्यांची भूमिका होती. निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना त्यांनी उपनिषदातील प्रार्थनेचा आदराने उल्लेख केला. शस्त्रास्त्रांवरील खर्चाचा काही भाग दरिद्री राष्ट्रांसाठी द्यावा, असे आवाहनही येथूनच केले. या प्रवासापूर्वी त्यांनी आपला रत्नजडित मुकुट गरिबांसाठी अर्पण केला होता. येथे वापरलेली मोटार त्यांनी मदर तेरेसांना दिली. तिची सोडत काढून आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीसाठी खर्ची पडला.

त्यांची खरी कसोटी लागली ती १९६८ मध्ये. कृत्रिम संततिनियमनास परवानगी द्यावी, असे सल्लागार मंडळातील बहुसंख्यांचे मत असताना त्यांनी ते नाकारले. कुटुंबनियोजन हे ज्या देशाचे अधिकृत धोरण, त्या देशाचे सेवक म्हणून आम्हांस हा निर्णय पटलेला नाही. जगभर टीका झाली, स्वधर्मीयही दुरावले; तरी त्यांनी जबाबदारी दुसऱ्या कोणावर ढकलली नाही. त्यानंतर दहा वर्षे ते पोपपदी होते, परंतु तसे विश्वपत्र त्यांनी पुन्हा लिहिले नाही. त्या मौनातील एकाकीपण जाणण्यासाठी त्यांच्याशी सहमत असण्याची गरज नाही.

६ ऑगस्ट १९७८ रोजी कास्तेल गांदोल्फो येथे त्यांचे निधन झाले. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना संतपद देण्यात आले. संतपद ही त्यांच्या अनुयायांच्या श्रद्धेची बाब होय. आम्हांस त्यांचे मोठेपण दिसते ते निराळ्या ठिकाणी : जेथे पाठविले तेथील माती आपली मानली, आणि परक्याच्या दारी गेले ते नम्रतेने. घरापासून दूर राहणाऱ्यांनी यापरते काय शिकावे?