राजवाडेंचे कागद आणि आपल्या पेट्या

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. हयातभर हा माणूस गावोगाव फिरला, घराघरातली जुनी दप्तरं मागत. कुणी दिली, कुणी दारातूनच परत पाठवलं. त्यातूनच १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड निघाले. त्यांची सगळी मतं आम्हाला पटत नाहीत, पण मेहनत मानावीच लागते. ते गेल्यावर लगेच, १९२७ मध्ये, धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांचे कागद तिथं सांभाळले गेले. दीपनगरात बसून आम्हाला याचा हेवा वाटतो. दप्तर, सनद, इनाम हे त्या कागदांतले शब्द फारसी-अरबीतून आलेले, आपल्या ओळखीचे. आपल्या घरातल्या सनदा, निकाहनामे मात्र अजून पेटीतच आहेत, वाळवीच्या हवाली.